बॅटरी कुठे ठेवायची

शिशाच्या बॅटऱ्या बाहेरच असायच्या,
ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर, काळ्या पेटीत, पट्ट्याने आवळलेल्या.
त्या उसासे टाकतात, ऑर्लिन म्हणायचा,
चार्ज होताना त्यांच्यातून वायू सुटतो,
असल्यांना कुणी घरात झोपवत नाही.
शेहेचाळीस वर्षं मी तुला झोपवलंच की, मी म्हणायचे,
आणि तो हातातला पाना टाकून हसायचा.
तेव्हा हसताना त्याला मध्येच थांबावं लागत नसे.

आता दोन नव्या आल्यात, लिथियमच्या.
तीस-तीस पौंडांच्या. जुन्या साठीला टेकलेल्या होत्या.
या कुंथत नाहीत, पाणी मागत नाहीत,
फक्त थंडीत जेवत नाहीत:
पाणी गोठतं त्या रेषेखाली विजेचा घास भरवला
तर कायमच्या आजारी पडतात.
आणि आम्ही मायनॉटचे.
इथे नोव्हेंबरात दाराची कडी उघड्या बोटांनी धरली
तर कातडी कडीलाच राहते.

मग कुठे?

ऑर्लिनने मोजपट्टी काढली.
जेवणाच्या बाकाखाली पाण्याचा पंप,
दोनदा दुरुस्त केलेला, म्हणजे तिसऱ्यांदा गळणारच.
बाजूच्या आरपार कप्प्याला पत्र्याचं दार,
पलीकडे थेट कॅनडाचा वारा.
मागे, सायकलींच्या खणात, जागा ऐसपैस;
पण शेपटी जड झाली की ट्रेलर झिंगतो.
फार्गोच्या वाटेवर एका ट्रकला ओलांडताना
ते एकदा पाहिलंय. तेव्हा मी देवाला
काय काय कबूल केलं होतं, ते अजून फिटलेलं नाही.

उरला बिछाना.
तो आमच्यात पुढेच आहे, भट्टीची नळीही तिथूनच जाते.
"बॉम्बवर झोपणार?" एल्डनने कुंपणावरून विचारलं.
ही जात सहसा पेटत नाही, ऑर्लिन म्हणाला,
आणि फ्यूज वीतभरावर बसवतोय.
एवढं वाक्य त्याने तीन श्वासांत म्हटलं.

फळी उचलली.
इन्व्हर्टर चार फुटांवर. तार आखूड,
म्हणजे वीज वाटेत सांडत नाही.
आणि खाली माझे बूट, बिटाच्या लोणच्याच्या सहा बरण्या,
त्यांच्या मागे निळा, चौदा पौंडांचा बोलिंगचा चेंडू,
चर्चच्या मंडळींबरोबर दर गुरुवारी खेळायचा तो.
ऑर्लिनने तो दोन्ही हातांनी बाहेर काढला,
मांडीवर घेतला, भोकांत बोटं घालून पाहिली.
अंगठा आता जात नाही.
मी काही बोलले नाही. तारांच्या टोकांना लाल टोप्या चढवत राहिले.

हे सगळं उशाजवळच्या त्या यंत्रासाठी,
जे रात्रभर त्याच्या नाकात हवा ढकलतं.
गेल्या जानेवारीत, ऍरिझोनाच्या वाळवंटात,
पहाटे तीनला शिसं संपलं.
आवाजाने नाही, आवाज थांबल्याने मला जाग आली.
उजाडेपर्यंत त्याला पाठीशी धरून बसवलं होतं,
आणि बाहेर लोकांचे ट्रेलर, ओळीने, गाढ.

आता ज्या उसासा टाकत नाहीत
त्याच त्याच्या पाठीखाली श्वास राखून बसणार.

दांडीचं वजन पाहिलं: बाथरूमचा काटा, एक फळी, दोन विटा.
साठेक पौंड कमी भरलं.
डोकं हलकं झालं तरीही गाडी डुलते, हे माझ्या भावाला पाहून
मला आधीच ठाऊक होतं.
ऑर्लिनने रिकाम्या काळ्या पेटीत बर्फाच्या साखळ्या भरल्या, जॅक भरला,
आणि वर तो चेंडू ठेवून पट्टा आवळला.
अजून थोडं कमीच होतं. बरण्याही पुढे गेल्या.

सोमवारी निघालो.
पहिल्या रात्री त्याला झोप लागल्यावर
मी गादीखाली हात घातला.
फळी कोमट. आत काही चाललंय
याची कसलीच खूण नाही.
वर यंत्र, एकसुरी, आत-बाहेर.

दिवसा रस्त्यात खड्डा आला की
पुढून दणका ऐकू येतो.
"स्ट्राइक," ऑर्लिन म्हणतो,
समोर पाहत, एका श्वासात.